पाच मापट्यांचा हिशेब

वालूरला त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेची खीर नागनाथ मास्तरांच्या घरी होती, आणि तिच्यात तांदूळ घालायचा नाही असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. कारण पाहुणे. सेलूच्या नव्या हायस्कुलात गणिताची एक जागा होती, ती भरणारे माणिकराव गुरुजी भाषणाला येणार होते, आणि मास्तरांचा अर्ज त्यांच्याकडे पडून होता. अशा माणसाला तांदळाची खीर कुणीही वाढेल. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या मेहुण्यानं ओट नावाच्या परदेशी धान्याची एक गोणी आणून टाकली होती, धान्य पोह्यासारखं चपटं. मास्तरांनी ती गोणी सोडली.

"किती टाकू?" त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईनं विचारलं. "तांदूळ आसते तर पाच मापटी टाकले आसते."

"मापटं इसर आता. किलोचा जमाना हाय."

मास्तरांनी दुकानातून तराजू मागून आणला. मापटंभर तांदूळ तोलला, तो अर्धा किलो भरला. म्हणजे पाच मापट्यांचे अडीच किलो. तेवढे ओट तोलून ओतले, तर पाटीवर शीग चढली.

"अवो, लय रास दिसायलीय."

"हलकं धान्य हाय. वजन तेवढंच हाय."

बोलायला बोलले, पण रास मास्तरांनाही दिसत होती. गणितावर श्रद्धा असली तरी डोळे काही मिटून घेता येत नाहीत. त्यांनी गुपचूप मापटं उचललं आणि कढईतल्या दुधात मोजून पाचच मापटी टाकली. निम्मी रास पाटीतच उरली.

दूध उकळलं, पण खीर पाण्यासारखी पातळ. तेवढ्यात माणिकराव गुरुजी आल्याचा निरोप आला. मास्तर घाबरले. वजनाचा हिशेबच खरा होता, आपण उगाच डगमगलो, असं म्हणत त्यांनी उरलेली अख्खी पाटी कढईत रिकामी केली. ओटाला फुगायला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. धान्याला घाई नव्हती, घाई मास्तरांना होती.

अंगणात बुद्धवंदना सुरू झाली आणि खीर फुगायला लागली. मास्तरांनी वस्तीतलं उरलंसुरलं दूध ओतलं, मग घागरभर पाणी ओतलं. कढई काठोकाठ आली, तरी पळा मधोमध उभाच. मास्तर दोन्ही हातांनी तो फिरवू लागले. सदरा घामानं चिंब झाला.

"घट्ट झाली वो," शेजारची चांगुणाबाई म्हणाली.

"झाली आसंल. हिशेब ह्यांचा हाय, चुकायचा न्हाई," सगुणाबाई ठसक्यात म्हणाली. त्या विश्वासाची मास्तरांना फार लाज वाटली.

शेवटी खीर वाढायची वेळ आली, ती सुरीनं कापून वाढली. माणिकराव गुरुजींनी घास तोंडात घेतला आणि तो या गालातून त्या गालात घोळवत राहिले. बोलणं शक्यच नव्हतं. घास एकदाचा उतरल्यावर त्यांनी विचारलं, "याचं प्रमाण कुणी काढलं?"

"आमच्या मास्तरनं," सगळी पंगत अभिमानानं म्हणाली.

मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हायस्कूल गेलं, सेलू गेलं, आता जन्मभर वालूरच्या पोरांना पाढे.

"मास्तर, तुमचा अर्ज मी वाचलाय," गुरुजी म्हणाले. "गणिताची जागा तुम्हाला देता यायची नाही."

"व्हय जी."

"पण मघापासून मी तुम्हाला ही कढई ढवळताना बघतोय. कवायतीच्या मास्तराचीही एक जागा आहे. पगार तोच."

मास्तरांनी पंगतीकडे पाहिलं, सगुणाबाईकडे पाहिलं. मग दुखरे खांदे चोळत त्यांनी हळूच विचारलं, "शिट्टी शाळाच देती का घरून आणावी लागती?"