सोड्यात उकळलेला नाच

बुधवारी दुपारी निलू झोपली, तसं सरिताने चुलीवर मोठं पातेलं ठेवलं, त्यात चार मुठी धुण्याचा सोडा टाकला आणि पाणी खळखळायला लागल्यावर आपल्या सासऱ्यासकट अख्खा पाडा त्यात सोडला.

पाडा म्हणजे चौदा लाकडी माणसं, प्रत्येक बोटाएवढी. झरीच्या या पाड्यावरच्या हाल्याने शिवणीच्या लाकडातून तारप्याचा नाच कोरला होता. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती कमरेला हात घातलेले सहा पुरुष आणि सात बाया. त्या सहांतला सगळ्यांच्या पुढे हातात घुंगरांची काठी घेतलेला म्होरक्या, तो सरिताचा सासरा बाबल्या. एका गोल फळीला भोकं होती, त्यांत ही माणसं पायाखालच्या खुंट्यांवर उभी राहत. ज्या दिवाळीत नितीन, म्हणजे सरिताचा नवरा, जन्मला त्या दिवाळीतला हा नाच. हाल्या आता नव्हता, आणि त्याने दिलेला रंग चोवीस वर्षांत इतका तडकला होता की नाचणाऱ्यांना कांजिण्या आल्यासारखं दिसत होतं.

शनिवारी तलासरीत कलाप्रदर्शन होतं. शाळेच्या दिपक गुरुजींनी कपाटातून हा नाच काढला आणि रंगवायला सरिताकडे दिला, कारण बारावीला तिची चित्रकला चांगली होती असं तिनेच एकदा कुणाला तरी सांगितलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली, पोर झालं, तरी पाड्यावर तिला अजून ‘कोसबाडची’ म्हणत. हा नाच नीट रंगला की आपण इथल्या होऊ, असं तिच्या मनाने घेतलं होतं. त्यामुळे ती घाईवर आली होती.

सोड्याने मात्र कमाल केली. जुना रंग सालीसारखा सुटून वर तरंगायला लागला. सरिता जुन्या ब्रशने एकेक माणूस घासून काढत होती, आणि आतून गोरंगोमटं लाकूड निघत होतं, हाल्याच्या पटाशीची प्रत्येक खूण जशीच्या तशी. ती इतकी खूश झाली की निलू उठून पातेल्याशी येण्याआधी चौदाही माणसं ओट्यावर सुपात वाळायला पडली होती.

मग तिने एक बाई उचलली आणि ही कोण, असा विचार केला.

दुसरी उचलली. तीही तीच. सातही बायांना सारखाच अंबाडा, सारखंच गुडघ्यापर्यंतचं लुगडं. आतापर्यंत प्रत्येकीची ओळख होती ती रंगात, आणि रंग पातेल्यात होता. कोण कुठल्या भोकात उभी होती हेही गेलं, कारण भोकं काय, सगळी सारखी.

तिने फोटो काढून ठेवला नव्हता असं नाही. नितीनच्या फोनवर रविवारीच काढला होता. नितीन उंबरगावच्या कंपनीत पाळीवर होता. शेजारच्या फोनवरून त्याला कळवलं, त्याने त्याच फोनवर तो पाठवला, आणि तिन्हीसांजेला पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर, जिथे रेंज येते तिथे उभी राहून सरिताने फोटो उघडला. फोटोत तारपावाला स्वच्छ होता. बाबल्याची काठी दिसत होती. बाकी सगळ्या नाचावर निलूचा तळहात होता, पाचही बोटं पसरून.

हे घरातच राहिलं असतं. पण बाबल्या ओट्यावर सुपाशी वाकला, स्वतःला काठीवरून ओळखलं, बाकीच्यांना उलटसुलट करून बघितलं आणि जेवणाआधी जरा पाय मोकळे करायला गेला. तो परत येईपर्यंत पाड्याला कळलं होतं की कोसबाडचीने सगळ्या बाया उकळल्या आणि आता कुणाला कुणाची ओळख नाही.

गुरुवारी सकाळी पहिली आली काळीकाकी. ती आली, सुपात बघितलं, सगळ्यात ठसठशीत बाई उचलली आणि म्हणाली, “ही मी. बाबल्याच्या हाताला लागून. तिथं कुणालाही उभं करत नाय, पाय चुकला की रिंगण तुटतं.”

ते खरं होतं. म्होरक्याशेजारची जागा ज्याला त्याला मिळत नाही. म्हणूनच थोड्या वेळाने आलेल्या हिराकाकीलाही तीच जागा हवी होती. हिराकाकी हाल्याची बायको. तिचं म्हणणं, कोरणारा माझा नवरा, तो मला शेपटाला लावील का? काळीकाकीने तिला आठवण करून दिली की त्या सालात हाल्या आणि ती बोलत नव्हते. हिराकाकी म्हणाली, बोलत नव्हता, पण कोरत होता.

तेवढ्यात दिपक गुरुजींची मोटारसायकल आली. ते भलतेच उत्साहात होते. त्यांना नवी कल्पना सुचली होती. ज्यांची शिल्पं आहेत त्या बायांनी प्रदर्शनात त्याच क्रमाने मागे उभं राहायचं, म्हणजे परीक्षकांना आधी लाकडातली दिसेल, मग खरी. टेम्पोची सोय झाली होती. एवढं सांगून, सरिताच्या चेहऱ्याकडे न बघता, ते गेले.

त्यानंतर ओट्यावर जागा उरली नाही. दुपारपर्यंत सात बायांना अकरा मालकिणी झाल्या. एक तर माहेरपणाला आली होती, तीही म्हणाली की मी नाचले होते. लग्नाआधीची गोष्ट असल्याने कुणी खोडू शकेना. पुरुषांचं काही भांडण नव्हतं. पुरुष सहाच होते, त्यातले दोघे वारले होते आणि उरलेल्यांना कोणताही रंग चालणार होता.

सरिताला कोसबाडच्या शाळेतलं एक गणित आठवलं, की उत्तर सापडत नसेल तर प्रश्न बदलावा. तिने निलूला कडेवर घेतलं आणि जागा कुणाची हे विचारणंच बंद केलं. एकेकीला घरात बोलावून फक्त एवढंच विचारायचं, त्या रात्री तुझं लुगडं कोणत्या रंगाचं होतं? रंग जुळले की माणसं जुळतील.

काळीकाकी म्हणाली, हिरवं, लाल काठाचं. हिराकाकी म्हणाली, हिरवं, लाल काठाचं. तिसरी म्हणाली, आता काय आठवणार बाई, पण हिरवंच असणार, काठ लाल होता. अकराच्या अकरा हिरव्या निघाल्या. शेवटी उलगडा असा झाला की त्या दिवाळीच्या बाजारात एकाच कापडवाल्याकडे नवं कापड आलं होतं, एकच तागा, आणि पाड्यावरच्या झाडून सगळ्या बायांनी त्यातलंच घेतलं होतं.

सरिता आधी कपाळाला हात लावून बसली. मग एकदम उठली. अहो, यापेक्षा बरं काय? सगळ्या हिरव्या रंगवायच्या. ज्या बाईकडे जी बोट दाखवील ती तिची. हाल्याने प्रत्येकीला वेगळा रंग का दिला होता, तेही आता तिला कळलं. त्या माणसाला चोवीस वर्षांपूर्वीच हे भांडण दिसलं असणार.

तिने हिरवा डबा उघडला. संध्याकाळपर्यंत सहा बाया हिरव्या झाल्या, लाल काठासह, आणि इतक्या सुरेख झाल्या की बघायला आलेल्या प्रत्येकीला प्रत्येक बाईत स्वतःचंच रूप दिसायला लागलं. काळीकाकीने तर जाताना सरिताच्या गालावरून हात फिरवला.

सातवी राहिली, कारण हिरवा रंग संपला. हिरवा डबा आणायला शुक्रवारी तलासरी नाक्यावर जावं लागणार होतं.

शुक्रवारी सकाळी ती निघायची तयारी करत होती, तर सासू, बायजी, दारात उभी होती. बायजी दोन दिवस कुणाच्या मध्ये पडली नव्हती. बायांना पाणी दिलं, चहा दिला, निलूला खेळवलं. ती सुपाशी बसली, उरलेली कोरी बाई तिने हातात घेतली आणि पदराने पुसली. पुसण्यासारखं काही नव्हतं.

“सरे, ही हिरवीच करायची का?”

“आई, तुमचं लुगडं पण हिरवंच असेल ना? मी तुम्हाला विचारलंच नाही बघा.”

“माझं कुठलं?” बायजी म्हणाली. “मी बाजाराला गेलीच नाय त्या साली. नितीन नऊ दिवसांचा होता.” तिने बाई मांडीवर आडवी ठेवली. “आत खाटेवर पडून ऐकला सगळा नाच. तारपा कवा वळतो, पाय कवा आपटायचा, सगळं कळत होतं. पोरगं मांडीवर, आणि माझे पाय आपले पांघरुणात चालू.”

सरिताही निलूला मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या दिवाळीत निलू दोन महिन्यांची होती आणि सरिताचे पाय असेच पांघरुणात चालू होते, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

“मग तुमच्याकडे कुठलं लुगडं होतं तेव्हा?”

“जांभळं. माझ्या आयने आणलेलं, बाळंतपणाला.”

सरिता नाक्यावर गेली नाही. लाल आणि निळा एकत्र करून तिने जांभळा केला. पहिला काळपट झाला, दुसरा वांग्यासारखा, तिसरा जमला. बायजी शेजारी बसून सांगत होती, एवढा नाय, जरा फिक्का, धुतलेलं होतं ते. निलूने मध्येच बोट बुडवलं आणि ते बायजीच्या नाकाला लावलं. रंगवून झाल्यावर सरिताने जांभळी बाई काठीवाल्याच्या शेजारच्या भोकात बसवली. बायजीने बघितलं, नको म्हणाली नाही, आणि भात बघायला आत गेली.

शनिवारी टेम्पोत अकरा हिरव्या, एक जांभळी म्हणजे बायजी, चार पुरुष, नितीन, निलू आणि मांडीवर नाच घेऊन बसलेली सरिता. बायांनी त्या दिवसासाठी खरंच हिरवी लुगडी शोधून काढली होती. रंग अजून थोडा ओला होता आणि सरिताचा जीवही त्याच अवस्थेत होता, कारण फळीवरची जांभळी बाई सगळ्यांनी आता पहिल्यांदा बघितली होती.

“ही कोण?” हिराकाकीने विचारलं.

सरिता तोंड उघडणार, तेवढ्यात बाबल्या म्हणाला, “कोण म्हणजे? बायजी. माझ्या पायावर पाय दिलेला तिनं, दोनदा.”

“दोनदा नाय, एकदा,” बायजी म्हणाली. तिने हे इतकं पटकन म्हटलं की सरिताने तिच्याकडे वळूनच बघितलं.

मग काय, टेम्पो तलासरीला पोचेपर्यंत बायजीने अख्खा नाच सांगितला. तारपा कुठे वळला, कुणाचा पाय चुकला, उजाडताना कोण गळपटलं. सगळ्या माना डोलवत होत्या. हो हो, बायजी होती की. कशी विसरलो? कुणी म्हणालं, मी तिच्या मागेच होते.

प्रदर्शनात त्यांच्या टेबलासमोर गर्दी झाली. परीक्षक बाई मुंबईच्या नव्हत्या, पालघरच्या होत्या, पण वही घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाकून एकेक बाहुली बघितली, रंग कुणी दिला विचारलं, आणि गुरुजींनी सरिताला पुढे केलं. गुरुजी म्हणाले, “ही आमच्या पाड्याची सरिता.” सरिताला पुढचं काही ऐकू आलं नाही. मग बायजीला पुढे केलं गेलं, तिने पुन्हा तो नाच सांगितला, टेम्पोतल्यापेक्षा थोडा मोठा करून.

नितीन निलूला खांद्यावर घेऊन ऐकत होता. त्याने बिचाऱ्याने सहज विचारलं.

“पण आये, मी त्याच दिवाळीतला ना? तू रात्रभर नाचत होतीस, तर मी कुणाकडं होतो?”

परीक्षक बाईंनी पेन उचललेलं होतं. सरिताने फळीची कड घट्ट धरली आणि तिच्या अंगठ्याला हिरवा रंग लागला.

काळीकाकीने आधी बायजीकडे बघितलं, मग काठीवाल्याशेजारच्या त्या जांभळ्या बाईकडे. तीन दिवस तिने त्या जागेसाठी पाड्यावर कुणाला जेवू दिलं नव्हतं.

“माझ्याकडं होतास,” ती म्हणाली. “कुठं जाशील? मी नाचले कुठं, तुला घेऊन बसले होते ना.”

“तू उशिरा आलीस,” हिराकाकी म्हणाली. “आधी माझ्याकडं होता. माझ्या लुगड्यावर मुतला.”

मग माहेरपणाला आलेली म्हणाली की मध्यरात्री रडत होता तेव्हा मीच फिरवलं. तिच्या मागची म्हणाली की अंगाईशिवाय झोपेना, अंगाई माझी. नऊ दिवसांच्या नितीनला त्या रात्री एवढ्या मांड्या मिळाल्या की त्याला स्वतःलाच आपण काय मोठं पोर होतो असं वाटायला लागलं. कुणी त्याला तूप चाटवलं, कुणी दृष्ट काढली. अकराच्या अकराजणी त्याला सांभाळत बसल्या होत्या.

परीक्षक बाई सगळं लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता त्या थांबल्या, त्यांनी फळीवरच्या सात बाया मोजल्या, मग मागे उभ्या असलेल्या बारा जणी.

“मला एक कळलं नाही,” त्या म्हणाल्या. “मग तुमच्यापैकी प्रत्यक्ष नाचलं कोण?”

बायजीने हात वर केला.