ढगाळ डूल

"मी डब्या आणायला चाललेय. टेबलाला हात लावू नका," चपला घालता घालता बायकोने बजावले आणि साहेबांनी मान डोलावली. निवृत्त झाल्यावरही घरात त्यांना साहेबच म्हणत. फक्त आता कुणी काही विचारायला येत नसे. ते त्यांना फार लागले होते.

टेबल बायकोचे. चांदीची तार वाकवायची, ज्योतीवर सांधे जुळवायचे आणि काळवंडलेले डूल आंबट, कोमट पाण्यात सोडायचे, की ते पांढरे होऊन निघत. तिची पहिली मोठी ऑर्डर त्या पाण्यात होती आणि दुकानाच्या मालकीणबाई ती संध्याकाळी डब्यांत भरून न्यायला येणार होत्या.

साहेबांनी नुसते बघायचे ठरवले. पातेल्याशेजारी तांब्याचा वाकडातिकडा चिमटा पडला होता.

"ही काय पद्धत झाली!" म्हणत त्यांनी स्वयंपाकघरातला भक्कम लोखंडी चिमटा आणला, डूल हलवले, चिमटा त्यातच ठेवला आणि पेपर वाचायला गेले. परत येऊन बघतात तो सगळी चांदी गुलाबी!

साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी डूल टूथपेस्टने घासले. मधूनमधून पांढरे ढग उमटले. लिंबू चोळले, तर ढग आणखी पसरले. शेवटी लेकीला फोन लावला.

"बाबा, लोखंड घातलंत? त्याने पाण्यात उतरलेलं तांबं परत चांदीवर चढतं! आई सगळ्यांना सांगत असते."

"मला नाही सांगितलं."

"तुम्हाला हातच लावू नका म्हणते ना ती!"

तेवढ्यात बायको आणि मालकीणबाई एकदमच दारात. साहेब फ्रिजच्या आडोशाला सरकले.

"ताई, हे काय केलंत?" बाईंनी डूल उचलले.

"मी नाही केलं," बायको म्हणाली. आवाज रडवेला होता.

"अहो, काय सुरेख! एकासारखा दुसरा नाही. पुढच्या आठवड्यात असेच आणखी द्या."

"पण हा रंग उडेल हो."

"गिऱ्हाइकाला तसं सांगून विकीन. उडाला की पुन्हा चढवू. कोण करतं हे?"

फ्रिजमागून साहेबांचा हात हळूच वर झाला.

बायकोने नव्या डुलांत तोच लोखंडी चिमटा घालून पाहिले, घासून पाहिले. ढग काही येईनात. मग तिने मान खाली घालून साहेबांना बोलावले. "तुम्हीच करा."

साहेबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. टेबल पुसले, सामान ओळीने मांडले, टूथपेस्ट चमच्याने मोजली. डूल निघाले ते एकसारखे, नीटनेटके, अगदी सरकारी. दुसऱ्या दिवशीही तेच. ऑर्डरचा दिवस जवळ आला.

"मला नाही जमत गं," चिमटा खाली ठेवत ते म्हणाले. "आता बिघडवायच्याही कामाचा राहिलो नाही मी."

बायको उठली, पिशवी घेतली, चपला घातल्या आणि करड्या आवाजात म्हणाली,

"मी डब्या आणायला चाललेय. टेबलाला हात लावू नका."

दार ओढून ती बाहेर कान देऊन उभी राहिली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "ही काय पद्धत झाली!"

ती निवांत जिन्यात बसली.