लहान गोळीचे हवालदार

आमच्या पिपरी मेघेत देवराव हवालदारांकडे कोणी गेलं की पाणी मागाहून मिळतं, आधी हातातली पिशवी ताणकाट्याला लागते. मी एकदा वांगी नेली. काटा पाहून म्हणाले, "भाऊ, चार किलो एका हातात? खांदा उतरन. दोन पिशव्या काऊन नाई केल्या?"

फौजेतून आलेला माणूस लढाया सांगतो. हे सांगतात, फौजेनं गोळी लहान काऊन केली. "जाड गोळीची रायफल खांद्याले लाथ मारे. नवं पोरगं भेवानं डोळे मिटे, नेम आभाळात. लहान गोळीची लाथ कमी, नेम पक्का. अन् तेवढ्याच वजनात गोळ्या जास्त."

मी दुसरी शिकलेला. पण कुदळ मोठी बरी की लहान, हे मला कोणी शिकवायला नको. मी म्हटलं, "मंग आता फौजेनं पुन्हा जाड गोळी काऊन घेतली म्हणते?"

"तुमच्यासारख्या हट्टी लोकाइसाठी," हवालदार म्हणाले. चहा मात्र पाजला.

मागच्या वर्षी त्यांच्या घरच्या इंदूवहिनी न्हाणीत पडल्या. मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातात जोर काही आला नाही. हवालदारांनी पाणी भरायचा मोठा पितळी गुंड माळ्यावर टाकला आणि लहान लहान गुंड्या आणल्या. तवा लहान, कढई लहान, डबे लहान.

वहिनी चिडल्या. "भातुकली मांडून राह्यले घरात. लोकं हासतात."

"हासू दे. वजन घटव, फेऱ्या वाढव."

दिवाळीनंतर त्यांचा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. मी तिथंच बसलेला. म्हणाला, "आई, तुला आता घर झेपत नाही. माझ्याकडे चल. बाबा काही हे घर सोडायचे नाहीत. राहतील एकटे, फौजेची सवय आहे त्यांना."

वहिनी उठल्या. अंगणातल्या नळावरून एक गुंडी आणली, मग दुसरी, मग तिसरी. मुलगा उठायला लागला तर हवालदारांनी दंड धरून खाली बसवला. "तिचं काम तिले करू दे."

माठ भरला. चहा आला. कप मुलापुढं ठेवून वहिनी म्हणाल्या, "झेपते मले. तू जाय बापू. सणावाराले येत जाजो."

गाडी गेली. मी म्हटलं, "जिंकले ना हवालदार."

ते फाटकाकडं पाहत होते. "कायचं जिंकलो भाऊ. तिसऱ्या गुंडीले तिचा हात थरथरून राह्यला होता. मले दिसला. पण उठलो असतो, तं पोरानं नेली असती तिले."