मिठूसाठी स्थळ

"पहाडी तोता है चाचाजी. अच्छे से रखोगे तो पच्चीस-तीस साल और निकालेगा," गोंदियाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मिठूची चोच तपासता तपासता सहज सांगितलं आणि खुशालराव बोटांवर हिशेब करू लागले. ते स्वतः पासष्टीला टेकले होते. राइस मिलची मुनीमकी सुटल्यापासून त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा मुर्री गावात एक मिठूच उरला होता, आणि आता तोच पोरका होणार होता.

आपल्यामागं मिठूला सांभाळशील का, असं विचारल्यावर मुलगा राजदीप पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, आमी दोघंबी दिवसभर ऑफिसात. इथं कुंडीले पाणी द्यालेबी कोणी नाही." मुलगी स्नेहल शाळेत शिकवायची, ती आज ना उद्या सासरी जाणार. राहिल्या पत्नी कलाबाई. त्या मिठूला 'मुडदा' याखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारत नसत, तेव्हा त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. मेहुण्याजवळ विषय काढला तर तो खो खो हसला. "दरेकश्याच्या जंगलात सोडून द्या नं जिजाजी."

खुशालरावांनी कानाला खडा लावला. यापुढं आधी घर पारखायचं, माणसं पारखायची, आणि सगळं मनासारखं असलं तरच तोंड उघडायचं.

कामठ्याला मिलमधल्या एका जुन्या सोबत्याची बायको अल्काबाई राहत होती. सोबती वारला होता. मुलगा अतुल वीज खात्यात लाइनमन होता. खुशालराव एका सकाळी तिथं जाऊन धडकले. जय भीम झाला, चहा आला, आणि पाहुण्यांची नजर आढ्यापासून चुलीपर्यंत फिरू लागली.

"दिवसा घरी कोण राहते, वहिनी?"

"मीच राहतो नं, भाऊ. काऊन?"

"तसंच. रोज आंघोळ लागते. सकाळी पेरू पायजे. अन् बोलणं जरा जास्त हाय, दिवसभर चालूच राहते."

अल्काबाईंनी पदर सावरला. तिशी उलटलेल्या मुलाच्या घरी उपवर मुलीचा बाप येतो आणि घर न्याहाळतो, याचा अर्थ त्यांना कुणी फोड करून सांगायला नको होता.

"बोलू द्या नं. घर भरल्यावानी वाटते."

खुशालरावांना गहिवरून आलं. इतक्या मोठ्या मनाच्या बाईला फसवणं बरं नाही म्हणून त्यांनी खोटही सांगून टाकली. "सुरुवातीले चावते जरा."

अल्काबाईंची बशी ओठांजवळच थांबली. "कोणाले?"

"नवीन माणसाले. मंग सवय होते."

शिकलेल्या पोरी तडकच असतात, अशी अल्काबाईंनी मनाची समजूत घातली. "रविवारी येतो आमी पाहाले," त्या म्हणाल्या.

रविवारी दारात कमांडर जीप थांबली. अल्काबाई उतरल्या, नवा शर्ट घातलेला अतुल उतरला, मामा उतरले, मावशी उतरली आणि पेढ्यांचा पुडा उतरला. स्नेहल डोक्याला तेल चोपडून धुणं धूत होती. कलाबाईंनी काही न विचारता पोहे भिजवले. खुशालराव मात्र हरखून गेले. एका पाखरासाठी एवढी माणसं!

"या, या. मागं वऱ्हांड्यात हाय. आंघोळ घालूनच ठेवलं. आणतो."

मामांनी मावशीकडे पाहिलं. तोवर खुशालरावांनी पिंजरा आणून टेबलावर ठेवलाही.

काहीतरी करायला हवं म्हणून अतुलनं पिंजऱ्यात बोट घातलं, आणि मिठूनं ते रीतसर फोडलं.

"सांगतलं होतं नं मी," खुशालराव म्हणाले.

"म्हणजे भाऊ, तुमी या पोपटासाठी आमचं घर पाहून गेले?" अल्काबाईंनी विचारलं.

"मंग कायसाठी?"

स्नेहल तशीच तेलकट डोक्यानं कापूस घेऊन आली होती. तिनं अतुलचं बोट धरलं आणि ती इतकी हसली की कापूस खाली पडला. मग अतुलही हसला. निघताना तो म्हणाला, "पुढच्या रविवारी बोट दाखवून जातो." बोट दाखवायला डॉक्टर असतो हे स्नेहलनं त्याला सांगितलं नाही. पेढ्यांचा पुडाही मामांनी परत नेला नाही.

जीप गेली. कलाबाई पोह्यांच्या बशा गोळा करत होत्या.

"मले काऊन नाही विचारलं?"

"तुले तो आवडत नाही नं."

"पोरगा पुण्याले, पोरगी सासरी. तुमी गेल्यावर हा मुडदाबी कामठ्याले देऊन टाका. मंग मी भांडू कोणासंगं?"

खुशालरावांनी सगळ्या दुनियेची घरं पारखली होती. फक्त आपल्या घरात मागं कोण उरणार, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना एकदम वाईट वाटलं.

"पण तो चावते तुले," ते कसंबसं म्हणाले.

"सुरुवातीले तुमी का कमी होते?" कलाबाईंनी पेरूची फोड पिंजऱ्यात सारली. "सवय होते. खा रे, मुडद्या."