बळवंतरावांचं नवं न्हाणीघर

मुलांनो, चुळबुळ थांबवा आणि नीट ऐका. फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे काळ्या नळांची फॅशन नुकतीच आली होती तेव्हा, एका जंगलात बळवंतराव नावाचं अस्वल राहत होतं. आपण त्यांना अहोजाहो करू, कारण त्यांची गुहा स्वतःच्या मालकीची होती.

त्या गुहेत निजायच्या खोलीला लागून एक न्हाणीघर होतं. एवढंसं. बळवंतराव आत शिरले की न्हाणीघर भरायचं. तिथे एक नळ, एक बादली, एक तांब्या आणि कोपऱ्यात उकिडवं बसायचा संडास. एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

मग गुडघे दुखायला लागले. खाली बसलं की उठवेना. एकदा ओल्या लादीवरून पाय सरकला आणि बळवंतराव बादलीला मिठी मारून कसेबसे वाचले. बायको इंदुमतीबाई धावत आल्या आणि रडायलाच लागल्या. "अहो, पाय मोडून बसलात तर मी काय करू?"

तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं. न्हाणीघर नवं करायचं. उंच कमोड, बसून आंघोळ करायला स्टूल आणि धरून उठायला भिंतीत एक भक्कम दांडी. बास. अगदी शहाण्यासारखं ठरवलं होतं. पण शहाणपणाची गोष्ट मी तुम्हाला कशाला सांगत बसलो असतो?

शेजारच्या सांबरवहिनी म्हणाल्या की हल्ली डिझायनरशिवाय कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. त्यांनी निळकंठ मोराचं नाव सुचवलं. हा मोर स्वतः धुळीत लोळून आंघोळ करायचा, पण ते त्याला कुणी विचारलं नाही. सल्ला देणाऱ्याला असलं काही विचारायची पद्धत नसते.

मोराने बळवंतरावांना शोरूममध्ये नेलं. तिथे एकेक नमुन्याचं न्हाणीघर चरायच्या कुरणाएवढं. त्यात सगळंच लहान आणि गोंडस दिसतं. बळवंतराव लंगडणं लपवत, छाती काढून फिरत होते. कमोडच्या रांगेपाशी त्यांना वाटलं, जरा बसून बघावं, उठता येतं का ते. पण चारचौघांत कसं बसायचं? आपण चप्पल घेतानासुद्धा पाय घालून, चार पावलं चालून बघतो. कमोड मात्र जन्मभरासाठी नुसता लांबून बघून घेतो, का तर लाज वाटते. तेव्हा बळवंतरावांनी लांबूनच मान डोलावली.

शेवटी धीर करून त्यांनी हळूच विचारलं, "धरायला एखादी दांडी मिळेल का?"

मोराने पिसारा मिटला. "काका, घरी कुणी आजारी असतं का?"

शेजारी एक तरुण हरणांचं जोडपं टाइल्स बघत होतं. हरणीने वळून पाहिलं. बळवंतरावांचे कान तापले.

"छे छे," ते म्हणाले. "सहज विचारलं."

झालं. मुलांनो, बळवंतरावांचा पाय मोडला तो खरा इथेच. पुढे जे मोडलं ते नुसतं हाड.

त्यानंतर मोर दाखवत गेला आणि बळवंतराव 'छान आहे' म्हणत गेले. सागाच्या पानाएवढा शॉवर आला. ओट्यावर ठेवायचं काचेचं वाडग्यासारखं बेसिन आलं. भिंतीला अधांतरी लटकणारा कमोड आला. काचेचं पार्टिशन आलं. लादी अशी गुळगुळीत की तीत तोंड दिसावं. आणि नळ काळे कुळकुळीत. स्टुलाला जागा उरली नाही. दांडीचं तर कुणी नावच काढलं नाही, इंदुमतीबाईंनीसुद्धा नाही. त्यांना ते काचेचं वाडगं फार आवडलं होतं.

सगळं बसवून झाल्यावर कळलं की दार बेसिनला अडतं आणि अर्धंच उघडतं. बळवंतरावांना पोट आत ओढून आडवं शिरावं लागे. कमोडवरून उठताना कपाळ ओट्यावर आपटे. पण पूजा घातली तेव्हा अख्खं जंगल लोटलं, आणि प्रसाद घेतला की प्रत्येकाला आधी न्हाणीघर दाखवलं गेलं. सगळे दारातून मान घालून 'वा' म्हणाले. आत जायला जागाच नसल्याने अडचण कुणालाही कळली नाही.

मग एक भलतंच संकट आलं. आंघोळ केली की काळ्या नळांवर पाण्याचे पांढरे डाग पडायचे. काचेवर ओघळ दिसायचे. इंदुमतीबाई पुसून पुसून थकल्या. पाहुणे कधी टपकतील याचा नेम नाही. शेवटी बळवंतरावांनीच तोड काढली. "मी आपला ओढ्यावर जाईन आंघोळीला. हे कोरडंच राहू दे."

इंदुमतीबाईंना एवढं बरं वाटलं की त्यांनी त्या दिवशी मधाची पोळी केली. नवऱ्याचे गुडघे, ओढ्यातलं शेवाळ, आपण कशासाठी रडलो होतो, यातलं त्यांना काहीही आठवलं नाही.

बळवंतराव रोज बादली घेऊन ओढ्यावर जाऊ लागले आणि एका सकाळी शेवाळावरून जे घसरले ते पाय मोडूनच थांबले. चौघा रानरेड्यांनी त्यांना उचलून घरी आणलं. वैद्यांनी बांबूच्या कामट्या बांधल्या आणि पावसाळा संपेपर्यंत हलायचं नाही म्हणून बजावलं.

भेटीला रीघ लागली. सांबरवहिनी फळं घेऊन आल्या. बिछान्याशी बसून हळहळल्या, फार वाईट झालं म्हणाल्या. मग त्यांची नजर आतल्या दाराकडे गेली. पूजेच्या वेळी त्या माहेरी गेल्या होत्या, त्यामुळे त्यांचं बघायचं राहिलं होतं.

इंदुमतीबाई संकोचल्या. नवरा कण्हतोय आणि आपण न्हाणीघर कसं दाखवायचं?

बळवंतरावांनी उशीवरून मान उचलली. पाय ठणकत होता, डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा उजळला.

"दाखव की," ते म्हणाले. "शॉवर सुरू करून दाखव. फक्त नंतर नळ पुसून घे."

तात्पर्य : आंघोळ काय, कुठेही उरकता येते. न्हाणीघर मात्र जन्मात एकदाच होतं, तेव्हा ते वापरून खराब करू नये. गुडघ्यांची चिंता तर मुळीच करू नका, मुलांनो. ते कुणी बघायला येत नाही.