गुढीवरचा ग्रीक गडू

पाडव्याच्या सकाळी मंजूषा न्हाऊन बाहेर आली, तर संग्रहालयातून आणलेलं खोकं रिकामं.

"रवी, माझा ग्रीक गडू कुठाय?"

रविकांतनं बाल्कनीकडे बोट दाखवलं. गुढीच्या टोकाला, हळदकुंकू लावून घेतलेला गडू पालथा बसला होता.

"आपला तांब्या सापडेना. तुझी ती नक्कलच आहे ना?"

लॉकडाऊनमुळे परदेशातलं ते संग्रहालय बंद होतं. मंजूषा तिथल्या वस्तूंच्या नकला घरी आणून शाळकरी मुलांना झूमवर शिकवायची. आजच्या तासाला वरिष्ठ मार्लीसबाई हजर राहणार होत्या. मंजूषाची हंगामी नोकरी कायम करायची की नाही, ते त्या आज ठरवणार होत्या.

"उतरव आधी! तास सुरू होतोय."

"सूर्यास्ताआधी गुढी उतरवत नाहीत. शास्त्र आहे," वर्षभर उदबत्तीलाही हात न लावणारा रविकांत म्हणाला.

"इथे सूर्य साडेआठला मावळतो!"

पुण्याहून व्हिडिओवर सासूबाई होत्याच. "सणाचा अपशकुन नको गं. नोकऱ्या काय, छप्पन मिळतील."

"नवरेही," मंजूषा पुटपुटली आणि लॅपटॉप घेऊन बाल्कनीत गेली.

"मुलांनो, लढाई जिंकली की ग्रीक लोक खांबाला शत्रूचं चिलखत चढवत, वर शिरस्त्राण ठेवत. आमचीही विजयाची काठी अशीच असते."

"मग ही साडी कुठल्या शत्रूची?" एका पोरानं विचारलं.

"सासूबाईंनी दिलेली आहे," मंजूषानं खरं ते सांगितलं.

मुलं खूश झाली. मार्लीसबाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या होत्या. तास संपताच त्यांचा फोन आला.

"मंजूषा, तो हळूच खाली घ्या. नक्कल इथे कपाटातच आहे. खोकं भरताना माझी चूक झाली. तुमच्याकडे खरा आलाय. अडीच हजार वर्षांचा!"

स्पीकरवरचं ऐकून रविकांतनं गुढीकडे पाहिलं. "पण शास्त्र..."

"आपद्धर्म असतो रे मेल्या! उतरव!" सासूबाई पुण्याहून ओरडल्या.

ओव्हनचे हातमोजे घालून रविकांतनं गडू उतरवला.

"हे आपल्या दोघींतच राहू द्या," मार्लीसबाई कुजबुजल्या. "तुमची नोकरी कायम झाली समजा. मुलांना ती नक्कलच वाटली. आणखी कुणी पाहिलं नाही ना?"

"छे!" म्हणून मंजूषानं फोन ठेवला. रविकांत खाकरला. सकाळीच त्यानं इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गुढीचा फोटो टाकला होता, 'ग्रीकांनीही गुढी आपल्याकडूनच घेतली' असं लिहून.

मंजूषानं घाईघाईनं ग्रुप उघडला. संदेशांचा खच पडला होता. गडूकडे एकाही विद्वानाचं लक्ष गेलं नव्हतं. कडुनिंबाऐवजी कढीपत्ता बांधला म्हणून सगळे रविकांतवर तुटून पडले होते.