रुपालीच्या हातचे दिवे

सुहासिनी वारल्यापासून अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरात तिचा नवरा नरेंद्र आणि सोळा वर्षांची मुलगी रुपाली एकमेकांशी कामापुरतंच बोलत. घर खायला उठायचं आणि घरात खायला मात्र काही नसायचं.

रुपाली रविवारी टेसीकडे जायची. टेसी म्हणजे सुहासिनीच्या शेवटच्या दिवसांत वॉर्डात असलेली फिलिपिनो नर्स. ती मुलींना आपल्या देशाचे नाच शिकवत असे. १९८६च्या मार्चमध्ये शाळेच्या जिममध्ये कार्यक्रम ठरला, तेव्हा रुपालीने वडिलांना तीन महिन्यांतलं सर्वांत लांब वाक्य ऐकवलं. "बाबा, प्लीज कम, अँड प्लीज डोन्ट डू एनिथिंग."

काही न करणं नरेंद्रला अलीकडे छान जमत होतं. तो पहिल्या रांगेत बसला. शेजारी लताकाकू आणि महाराष्ट्र मंडळातली सात-आठ माणसं होती. कुणावर दुःख कोसळलं की आपली मंडळी गठ्ठ्यानेच येतात.

टेसीने माइकवर सांगितलं, नाचाचं नाव पांडांगो सा इलाव. कोळी समुद्रावर गेले की त्यांना घर सापडावं म्हणून किनाऱ्यावर दिवे दाखवत, त्याची ही आठवण. पण नेमक्या तेव्हाच काकू गाडी कुठे लावली ते सगळ्यांना विचारत होत्या, त्यामुळे मंडळापर्यंत काही पोचलं नाही. जिममध्ये अंधार झाला. रुपाली एक दिवा डोक्यावर आणि दोन तळहातांवर घेऊन थेट वडिलांसमोर आली आणि हात गोल फिरवू लागली.

मराठी माणसासमोर पेटता दिवा गोल फिरला की तो एकच गोष्ट करतो. नरेंद्र उठला, ज्योतीवर हात धरले, डोळ्यांना लावले आणि तिथेच त्याला रडू कोसळलं. बायको गेली त्या दिवशीही झाली नव्हती एवढी तिची आठवण त्याला झाली.

लगेच काकू उठल्या. एकाने आरती घेतली की रांग लागतेच. मंडळ उठलं, मंडळामागे अमेरिकन पालक उठले आणि शेवटी प्रिन्सिपॉलही. सगळ्यांना वाटलं, असंच असतं. टेप दोनदा संपली. डोक्यावर दिवा असल्याने रुपालीला नकारार्थी मानही हलवता येईना.

परतताना गाडीत नरेंद्रने तीनदा सॉरी म्हटलं. रुपालीने तीनदा रेडिओ मोठा केला.

गुरुवारी गावातल्या पेपरात आलं की फिलिपिनो प्रथेनुसार प्रेक्षक प्रकाश स्वीकारतात आणि सुरुवात करणारे वडीलधारे रडतात. ते वाचून शिकागोच्या एका लोकनृत्य महोत्सवाचं बोलावणं आलं. टेसीने फोनवर खुलासा करून पाहिला, पण त्या लोकांना नाच प्रथेसकटच हवा होता.

रुपाली वडिलांच्या दाराशी आली. "दे वॉन्ट यू टू. शनिवारी रिहर्सल आहे. अँड यू हॅव टू क्राय."

"रिहर्सल कशाला?" नरेंद्र म्हणाला. "रडायची मला रोजची प्रॅक्टिस आहे."

ती आत येऊन त्याच्या शेजारी बसली.

"मी टू," ती म्हणाली. "तुम्ही कुठे रडता?"

"बाथरूममध्ये. नळ सोडून."

"ओह," रुपाली म्हणाली. "म्हणून मला कधी गरम पाणी मिळत नाही."